सद्भावना कॉलनीचे एकशिंगी घोडे

वाल्मिक दरंदले नगरजवळच्या केडगावात स्वतःचं घर बांधून राहायला आला, तेव्हा त्याला वाटलं होतं की आपल्याला आता हक्काचा पत्ता मिळाला. घर मिळालं, घराला नळ मिळाला, आणि महिनाभर खेटे घातल्यावर नळाला पाणीही मिळालं. पत्ता मात्र मिळाला नाही. सद्भावना कॉलनी कुठं आहे हे सद्भावना कॉलनीत राहणाऱ्यांखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे फोनवर सगळे एकच सांगत, "सिंहांपाशी या. तिथून पुढं डावीकडं."

हे सिंह शेजारच्या सिंहराज पार्कचे. फाटकाच्या दोन खांबांवर दोन, सिमेंटचे, अंगभर सोनेरी ऑइलपेंट. डावीकडच्या सिंहाच्या चेहऱ्यावर नुकतीच दाढ काढून आल्यासारखा भाव होता. उजवीकडचा सिंह सिंहराज पार्कच्या अध्यक्षांच्या, म्हणजे आप्पासाहेबांच्या, मेहुण्यासारखा दिसतो असं लोक म्हणत. आप्पासाहेबांना ते मान्य नव्हतं. मेहुण्याला होतं.

पण सिंह कसेही दिसत असले तरी ते होते, आणि सद्भावना कॉलनीला काहीच नव्हतं. सिलेंडर सिंहांपाशी उतरत, पार्सलं सिंहांपाशी परत जात. वाल्मिकच्या वास्तुशांतीला त्याच्या बायकोच्या, ज्ञानेश्वरीच्या, माहेरची मंडळी नेवाशाहून जीप करून आली ती सिंहांपाशी उतरली, मांडव दिसला म्हणून आत शिरली, एका अनोळखी बाळाच्या बारशाला पोटभर जेवली, बाळाच्या हातात आहेराचं पाकीट ठेवून परत निघाली आणि वाटेतून फोन करून म्हणाली, "जेवण झकास होतं हो जावईबापू, पण तुम्ही दोघं कुठं दिसला न्हाईत."

हेही वाल्मिकनं गिळलं असतं. पण पावसाळ्याच्या तोंडाला आप्पासाहेब स्वतः चालत आले. आप्पासाहेब म्हणजे मोठा माणूस. आधी पोट येतं, मग ते येतात, आणि दोन्ही प्रेमळ आहेत.

"वाल्मिकराव," ते म्हणाले, "वेगळं राहून काय मिळतंय तुम्हाला? आमच्यात या. तुमच्या तोंडाशी एक बोर्ड लावू. सिंहराज पार्क, फेज टू. तुमचाबी मान वाढंल."

सद्भावनातली निम्मी मंडळी ऐकूनच विरघळली. निर्णय पोळ्याच्या संध्याकाळच्या सभेत घ्यायचा ठरला, कारण त्या दिवशी सगळे घरी असतात आणि पुरणपोळी खाल्लेला माणूस फारसा विरोध करत नाही, असा आप्पासाहेबांचा अनुभव होता.

वाल्मिकला मात्र 'फेज टू' हे शब्द छातीत लागले. त्याला कारण होतं. वाल्मिक हा घरातला दुसरा मुलगा. थोरल्या भावाच्या पँटा, थोरल्याची पुस्तकं, थोरल्याचं दप्तर. शाळेत दुसऱ्या बाकावर, वक्तृत्वात दुसरा नंबर, आणि आता राहुरीच्या कृषी विद्यापीठात बियाण्यांच्या विभागात सहायक. सहायक म्हणजे पहिला माणूस रजेवर गेला तरी जो पहिला होत नाही तो. आयुष्यात पहिल्या हातानं घेतलेली एकच वस्तू त्याच्याकडं होती, ती म्हणजे हे घर. आणि आता त्याच घरासकट माणसानं फेज टू व्हायचं?

सद्भावनाच्या मंडळींची बैठक वाल्मिकच्या गच्चीवर भरली. कॉलनीच्या तोंडाशी नुसतीच उभी असलेल्या बिननावाच्या कमानीवर आपलंही काहीतरी बसवायचं, इथपर्यंत एकमत झालं. काय बसवायचं यावर रात्र झाली.

हत्ती निघाला, पण सोंड आत की बाहेर यावरून दोन गट पडले. मोर निघाला, पण मोर बसवला की लोक मंगल कार्यालय समजून तारखा विचारायला येतात, असं कोणीतरी म्हणालं. अजिनाथनाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते अजून कुठलीही गोष्ट सांगताना गाडी फलाटावर लागल्यासारखी घोषणा करत. नानांनी घोषणा केली, "डायनासोर. डायनासोर बसवावा. टिकाऊ असतो."

"नाना, ते सगळे मेलेत," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"मग आपल्याला कुठं जिवंत पाहिजेत?" नाना म्हणाले.

तेव्हा वाल्मिक उभा राहिला. त्याच्या मनात काही दिवस एक जनावर फिरत होतं. भाचीच्या वाढदिवसाला तो राहुरीला बहिणीकडं गेला होता, तिथं केकवर पांढरा घोडा होता आणि घोड्याच्या कपाळावर एकच एक सरळ शिंग. तोच घोडा दप्तरावर, तोच पाण्याच्या बाटलीवर, तोच खोडरबरावर आणि तोच भाचीच्या आजीच्या नव्या उशीच्या अभ्र्यावर. वाल्मिकला प्रश्न पडला की जो प्राणी आजवर कोणी पाहिला नाही, तो कोणी विसरत कसा नाही? केक कापायला वेळ होता, म्हणून त्यानं मोबाईलवर वाचायला सुरुवात केली, आणि केक कापून संपला तरी तो वाचतच राहिला. त्याच्या वाट्याचा तुकडा कोणी खाल्ला हे त्याला अजून माहीत नाही.

"एकशिंगी घोडा," वाल्मिक म्हणाला. मागं कोणीतरी फिसकन हसलं. "हसू नका. परदेशात राजेलोकांच्या ढालींवर, निशाणांवर शेकडो वर्षं हाच उभा आहे. स्कॉटलंडनं तर त्याला राष्ट्रीय प्राणी केलाय. मोकळा सोडला तर कोणाला आवरत नाही, म्हणून तिथं त्याला सोन्याच्या साखळीनं बांधलेला दाखवतात. आणि मुख्य गोष्ट. ढालीच्या एका बाजूला हा असतो. दुसऱ्या बाजूला कोण असतं?"

"कोण?"

"सिंह. सिंहाचा जुना वैरी आहे हा. सिंहासमोर बरोबरीनं उभं राहणारं सगळ्या जगात एकच जनावर."

गच्चीवरच्या सगळ्या माना आपोआप सिंहराज पार्कच्या दिशेला वळल्या.

"परदेशी जनावर आपल्याला कशाला?" मागून कोणीतरी म्हणालं.

"मूळचं आपलंच आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सगळ्यात जास्त वेळा कोरलंय ते एकाच शिंगाचं जनावर. आपल्या जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला गेंडा सापडला, ब्राँझचा. गेंड्याला शिंग एक. मत्स्यावतारानं नाव ओढली ती एका शिंगाला बांधून. आणि एका ग्रीक वैद्यानं अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की भारतात एका शिंगाचं रानगाढव असतं, त्याच्या शिंगाच्या पेल्यातून प्यालं की विष चढत नाही."

"गाढव म्हणतोय ना तो?" नाना म्हणाले. "मग मढीच्या बाजारातून आणू. तिथं रंगपंचमीला पाहिजे तेवढी."

पण ठराव झाला. भारावलेल्या वाल्मिकनं वर सगळ्यांसमोर शब्द दिला की पोळ्याच्या दिवशी घोडे कमानीवर उभे नसतील तर 'फेज टू'चा बोर्ड मी स्वतः शिडीवर चढून लावीन. हे बोलायची काहीच गरज नव्हती, हे ज्ञानेश्वरीनं त्याला जिना उतरताना सांगितलं, जेवताना सांगितलं आणि दिवा मालवल्यावरही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वाल्मिक परवानगीसाठी महापालिकेच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "पुतळा कोणाचा?"

"घोड्याचा. एकशिंगी."

"वर कोण बसलंय?"

"कोणी नाही."

"मग उतरलेत कुठं?"

कारकुनानं समजुतीच्या सुरात सांगितलं, "अहो, घोडा आहे म्हणजे स्वार असणारच. स्वाराच्या वारसांची ना-हरकत लागंल. जयंती कधी, पुण्यतिथी कधी, ते लिहा. बंदोबस्त लावावा लागतो."

"साहेब, हा प्राणी काल्पनिक आहे."

"मग त्याला हरकत घेणारे जास्त असतात," कारकून म्हणाला आणि त्यानं वाल्मिकला पशुसंवर्धनवाल्यांकडं पाठवलं. त्यांनी जनावराच्या कानात बिल्ला आहे का म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर, बिल्ला नसलेल्या जनावराबद्दल आपण बोलूच शकत नाही, असं सांगून ते पुष्कळ वेळ त्याच्याबद्दलच बोलले. बोलता बोलता एकानं लसीकरणाची तारीखही देऊ केली. तिथून वनखात्याकडं. वनखात्यानं विचारलं, "दिसला कुठं?" आणि वाल्मिक 'भाचीच्या केकवर' म्हणाला तेव्हा त्याला पाणी देऊन बसवण्यात आलं.

शेवटी पुन्हा पहिला कारकून. आता त्यालाही वाल्मिकची दया आली होती. तो हळूच म्हणाला, "हे बघा. सुटं असेल तर तो पुतळा. कमानीला जोडलेलं असेल तर ते बांधकाम. कमानीची परवानगी तुमच्याकडं आहेच. तेव्हा जोडलेलं ठेवा. सुटं दिसलं तर उचलून न्यावं लागंल, मग मला म्हणू नका."

वाल्मिक 'जोडलेलं, जोडलेलं' असं घोकत बाहेर पडला, आणि पुढं जे घडलं त्या गडबडीत ते साफ विसरला.

पुढं जे घडलं त्याचं नाव पुंजाराम. राहुरीत शुगर फॅक्टरीच्या रस्त्याला पुंजारामचं आवार होतं. तिथं सिमेंटचे नंदी, तुळशीवृंदावनं आणि बागायतदारांच्या बंगल्यांच्या फाटकांवर बसवायच्या बैलजोड्या ओळीनं सुकत असत. आजूबाजूच्या चार तालुक्यांत पुंजारामच्या बैलाइतका बैलासारखा बैल कोणी करत नसे. वाल्मिकनं त्याला मोबाईलवरचं चित्र दाखवलं. पुंजारामनं मोबाईल हातभर लांब धरला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "समाजलं. घोडा. आन् शिंग."

"जोडी पाहिजे."

"जोडीच करतो म्या. एकटं जनावर करतच न्हाई."

वाल्मिक निश्चिंत झाला. एखादा माणूस निश्चिंत झाला की कुठंतरी काहीतरी चुकायला सुरुवात होते, हे त्याला बियाण्यांच्या विभागात राहूनही कळलेलं नव्हतं. पोळा आठवड्यावर आला तेव्हा तो घोडे बघायला गेला. आवारात दोन पांढरेशुभ्र घोडे उभे होते. आयाळ होती, शेपटीचा झुपका होता, खुरं होती. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर खिल्लारी बैलाची असतात तशी, मागं वळलेली, लांबसडक, डौलदार दोन शिंगं होती.

वाल्मिक शेजारच्या नंदीच्या पाठीवर बसला.

"पुंजाराम, शिंगं दोन कशी?"

"तुमीच म्हनला की जोडी पायजे."

"घोड्यांची जोडी! शिंगांची नव्हं!" वाल्मिक कमावलेलं शहरी बोलणं विसरून ओरडला. "आणि चित्र दाखवलं होतं ना तुला? त्यात एकच शिंग होतं!"

"त्ये चित्तर बाजूनं काढल्यालं हुतं. म्या म्हनलं, दुसरं पल्याडल्या अंगाला आसंल."

वाल्मिकनं समोरून काढलेलं चित्र शोधून दाखवलं. पुंजारामनं ते पुष्कळ वेळ पाहिलं. मग एखाद्या रोग्याच्या नातेवाइकाला बाजूला घेऊन बोलावं तसं तो बोलला, "सायेब, एका शिंगाचं जनावर म्हंजी खोड. घोडेगावच्या बाजारात उभं करून बघा. पैलं गिऱ्हाईक इचारतं, दुसरं कशानं मोडलं? कुनाला मारलं? आन् तुमी म्हंता, मुद्दाम तसंच करा. मानूस येशीत पाय टाकायच्या आधी म्हनंल, ह्यांच्या दारातलंच जनावर धड न्हाई, ह्यांच्यात सोयरीक कोन करनार? तुमचं नाव जाईल ती गोष्ट येगळी. माझं जाईल की!"

मग वाल्मिकनं स्कॉटलंड सांगितलं, सिंधू संस्कृती सांगितली, ग्रीक वैद्य सांगितला. पुंजाराम बधला नाही. शेवटी वाल्मिकनं सिंहराज पार्क सांगितलं, फेज टू सांगितलं, थोरल्या भावाच्या पँटा सांगितल्या.

पुंजारामच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. "थोरल्याच्या पँटा?" तो म्हणाला. "म्याबी धाकलाच हाय." आणि उठून त्यानं करवत घेतली.

शिंगं उतरली. त्यांच्या जागी कपाळावर दोन-दोन खळगे राहिले. खळगे बुजवले तर तिथं टेंगळं आली, आणि घोडे कोणाशी तरी मारामारी करून आल्यासारखे दिसायला लागले. मग टेंगळं झाकायला पुंजारामनं प्रत्येकाच्या कपाळाला सिमेंटचं बाशिंग बांधलं. पोळ्याला तो बैलांना बांधतो तसंच, गोंड्यांसकट. बाशिंगाच्या वर मधोमध सळई रोवून सरळ शिंग उभं केलं. शिंगाला पीळ हवा, असं वाल्मिकनं चित्रावर बोट ठेवून सांगितलं होतं. लांब, सरळ आणि अंगावर खुणा असलेली एकच वस्तू पुंजारामनं आयुष्यभर पाहिली होती. त्यामुळे शिंगाला पीळ आला नाही, पेरं आली. कोणीही राहुरीकर शपथेवर सांगेल की तो सात पेरांचा ऊस होता.

वाल्मिकनं ते पाहिलं आणि मोबाईल खिशात घातला. खांद्यांच्या मधोमध घोड्याला बैलाचं वशिंड आहे, हेही त्याला तेव्हाच दिसलं. तिकडं त्यानं पाठ केली. माणसानं एका वेळी एकच दुःख हाती घ्यावं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी घोडे टेम्पोत चढले. पुढं ड्रायव्हरशेजारी अजिनाथनाना, मागं घोड्यांच्या मधे वाल्मिक आणि पुंजाराम. नगरमध्ये शिरताच लोक रस्त्याच्या कडेला थांबून हात जोडायला लागले. चौकात पोलिसानं टेम्पो अडवला. त्यानं घोड्यांकडं पाहिलं, बाशिंगांकडं पाहिलं, मग वाल्मिककडं पाहिलं.

"नवरा कोण?"

"नवरा नाही. कॉलनीचे आहेत."

"सगळ्या कॉलनीचं एकदम?" पोलीस म्हणाला आणि गाडी सोडली. पुढं उंच गाड्या अडवायला रस्त्यावर लोखंडी आडवी कमान टाकलेली होती. नानांनी खिडकीतून डोकं काढून घोषणा केली, "जातंय, जातंय, जाऊ द्या." टेम्पो गेला. डावीकडच्या घोड्याचं शिंगही गेलं, पण पूर्ण नाही. आतली सळई वाकली आणि शिंग पुढं झुकून राहिलं.

"गाडी सुस्थितीत आहे," नाना म्हणाले.

केडगावात घोडे खांबांवर चढले तेव्हा अंधार पडला होता. ज्ञानेश्वरी बॅटरी घेऊन बघायला आली. तिनं प्रकाश खालून वर फिरवला आणि मधेच थांबवला.

"अहो, याला वशिंड आहे."

"ते खोगीर आहे."

"आणि कपाळात ऊस का खोचलाय?"

"झोप आता."

पोळ्याच्या दिवशी पहाटेच वाल्मिक खाली आला तर पुंजाराम शिडीवर चढून दोन्ही घोड्यांच्या गळ्यात लोखंडी साखळी घालत होता आणि साखळीचं दुसरं टोक खांबात सिमेंटनं बसवत होता.

"ही साखळी कशाला? काढ ती. कुलूप लावलेल्या सायकली वाटतायत."

"सनाच्या दिशी दारातलं जनावर मोकळं?" पुंजाराम शिडीवरूनच म्हणाला. "आधी दावं, मग जनावर. म्या एवढं ऐकलं तुमचं शिंगाचं. ह्ये ऐकायचा न्हाई."

वाल्मिकच्या अंगात भांडायचं बळ उरलेलं नव्हतं. त्यानं हात वर करून सोडून दिलं.

उजाडल्यावर सगळा प्रकार स्पष्ट दिसला. डावीकडच्या घोड्याचं वाकलेलं शिंग नेमकं शेजारच्या फाटकावर, मेहुण्यासारख्या दिसणाऱ्या सिंहाच्या नाकावर रोखलेलं होतं. घोडा मान खाली घालून आता धावणार अशा बेतात होता. इतका आवेश पुंजारामनंही ठरवून आणला नसता. रस्त्यानं जाणारे थांबायला लागले. कोणी फोटो काढले. आणि मग आप्पासाहेबांचं पोट आलं, त्यामागून आप्पासाहेब.

ते खूप वेळ हसले. "वाल्मिकराव, हे काय? उसाला घोडा लागलाय का घोड्याला ऊस?" मग त्यांना शिंगाची दिशा दिसली आणि ते हसायचे थांबले. "हे आमच्या सिंहावर रोखलंय. हे बरोबर न्हाई. परवानगी हाय का ह्याला?"

अर्ध्या तासात जीप आली. जीपमधून तोच कारकून उतरला. आणि त्याला पाहताक्षणी वाल्मिकला ते सगळं आठवलं. जोडलेलं. सुटं दिसलं तर उचलून न्यावं लागंल. कमानीच्या खांबावर चौथरा, चौथऱ्यावर घोडा. सुटाच. संध्याकाळी सभा, आणि शिडी तर पुंजारामनं आधीच लावून ठेवलेली. त्याला स्वतःच्या हातात तो बोर्ड दिसायला लागला.

"सुटं दिसतंय," कारकून म्हणाला.

"सुटंच हाय!" आप्पासाहेब म्हणाले.

कारकून शिडीवर चढला. त्यानं घोड्याच्या पोटाखालून हात फिरवला, मग गळ्याशी आला, साखळी धरून ओढली. साखळी हलली नाही. पुन्हा ओढली. खाली पुंजाराम तंबाखू मळत म्हणाला, "वढा की. म्होरल्या वर्सापस्तोर वढा."

"हे कमानीला जोडलेलं आहे," कारकून वरून म्हणाला.

वाल्मिकला कंठ फुटला. "जोडलेलं आहे म्हणजे काय! या जनावराला साखळीनंच जोडायचं असतं. शेकडो वर्षांची पद्धत आहे. स्कॉटलंडला विचारा."

कारकुनाला स्कॉटलंडला विचारायचं नव्हतं, त्याला सणासाठी घरी जायचं होतं. "बांधकाम," त्यानं जाहीर केलं आणि शिडीवरून उतरता उतरता, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, घोड्याच्या खुराला हात लावून तो कपाळाला लावला.

पण सभा अजून व्हायची होती. आप्पासाहेब काही हरणारे नव्हते. त्यांनी 'सिंहराज पार्क फेज २'चं भलं मोठं फ्लेक्स आधीच छापून आणलेलं होतं, त्यावर स्वतःचा हसरा फोटो होता, आणि संध्याकाळी ते त्याची गुंडाळी काखेत मारून सद्भावनाच्या कमानीपाशी येऊन उभे राहिले. मंडळीही जमत होती. निम्मी विरघळलेली मंडळी अजून विरघळलेलीच होती.

आणि तेव्हा ताटं यायला लागली.

केडगावातल्या या दोन्ही कॉलन्यांमध्ये राहतात ती शेतकऱ्यांचीच माणसं. कोणी नोकरीसाठी आलेलं, कोणी पोरांच्या शाळेसाठी. गावाकडं बैल होते तेव्हा पोळ्याला नैवेद्य बैलांना असे. इथं बैल नाही. दरवर्षी बाजारातून मातीचा वीतभर बैल आणायचा, देव्हाऱ्याशेजारी ठेवायचा आणि त्याला बशीतली पुरणपोळी दाखवायची. त्यात कोणाचंच समाधान होत नसे. यंदा ज्ञानेश्वरी ताट घेऊन बाहेर पडली, ती शेजारणींना दिसली, आणि शेजारणींना कमानीवर दिसलं पांढरंशुभ्र, बाशिंग बांधलेलं, दावं लावलेलं, वशिंड असलेलं जनावर. घोडा आहे की बैल, एक शिंग की दोन, याची चौकशी एकीनंही केली नाही. एकीनं शिडीवर चढून शिंगाला लाल हिंगूळ फासला, दुसरीनं पेरापेराला बेगड गुंडाळलं. कोणीतरी गोंडे आणले. कोणीतरी गावाकडून आणलेली झूल आणली, आणि ती वशिंडावर अशी बसली की जणू मापानंच शिवली होती.

मग सिंहराज पार्कमधूनही ताटं यायला लागली.

सगळ्यात शेवटी नऊवारी सावरत, काठी टेकत एक म्हातारी आली. ती आप्पासाहेबांची आई, साळूबाई. मागं सून ताट घेऊन. फ्लेक्सची गुंडाळी काखेत धरलेले आप्पासाहेब मधे आले.

"आई, हितं कुठं? हे आपलं न्हाई. आपले सिंह हायेत ना तिकडं."

साळूबाई थांबली. तिनं एकदा सिंहांकडं पाहिलं.

"आप्पा, त्याला शिंग हाय का?"

"न्हाई."

"मंग पोळ्याला त्याच्या म्होरं पुरनपोळी ठिवून काय करू? तेव्हढ्यानं त्याचं पोट भरंल व्हय? त्यो मलाच खाईल." बायका हसल्या. साळूबाई घोड्याकडं वळली आणि वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "कसं रुबाबदार जनावर हाय. एकच शिंग, पर कसं सरळ! धर ताट. न्हाई, आप्पा, तूच धर, सुनंचे हात दुखले. आन् वहाणा काढ आधी, सनाच्या दिशी जनावरापशी वहाणा घालून उभा ऱ्हायलाय."

आप्पासाहेबांनी वहाणा काढल्या. ताट धरायला हात मोकळे हवेत म्हणून काखेतली गुंडाळी बाजूच्या माणसाकडं दिली. तो माणूस अजिनाथनाना होता. नैवेद्य झाल्यावर एवढी माणसं बसणार कुठं, असा प्रश्न आलाच होता. नानांनी एका झटक्यात फ्लेक्स रस्त्यावर उलगडलं आणि घोषणा केली, "सर्व प्रवाशांनी बसून घ्यावे."

दोन्ही कॉलन्या 'फेज २'वर मांडी घालून पुरणपोळी जेवल्या. आप्पासाहेबांना जागा मिळाली ती स्वतःच्या फोटोवर. पुंजारामला सगळ्यांच्या आधी वाढलं. त्यानं जेवता जेवता तीन ठिकाणच्या ऑर्डरी घेतल्या, आणि तिन्ही वेळा गिऱ्हाइकाला खडसावून सांगितलं, "शिंग येकच मिळंल. दोनाचं जनावर कुनीबी करतंय."

सभा झाली तीही तिथंच. 'फेज टू'चा ठराव कोणी मांडलाच नाही, कारण ज्यावर तो छापला होता त्यावर कटाची आमटी सांडली होती. वाल्मिक भाषण करायला उभा राहिला. सिंधू संस्कृतीपासून सुरुवात करायचा त्याचा बेत होता. पण त्यानं वर पाहिलं. हिंगूळ फासलेलं, बेगड चमकणारं, सात पेरांचं ते शिंग मावळतीच्या उजेडात मेहुण्याच्या नाकावर रोखून उभं होतं. वाल्मिक नुसताच हसला आणि खाली बसला. ज्ञानेश्वरीनं त्याच्या पानात न विचारता आणखी एक पोळी वाढली आणि वर तुपाची धार सोडली.

"खोगीर छान दिसतंय," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात वाल्मिक कामावरून परतत होता. सिंहांच्या फाटकात आप्पासाहेब मोबाईल कानाला लावून उभे होते, चेहरा घामाघूम.

"अरे, सिंहराज पार्क! सिंह रे, सोन्याचे सिंह... न्हाई माहीत? बरं, मग कुठं पोचलाय तू?"

आप्पासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांना वाल्मिक दिसला. त्यांनी पाठ फिरवली आणि आवाज जमेल तितका खाली आणला.

"हां... हां, तेच ते. शिंगाचा घोडा. तिथून जरा अलीकडं ये."

वाल्मिकनं गाडीचा वेग कमी केला, अदबीनं मान लववली आणि आपल्या कमानीखालून आत शिरला.